आठ गुणांचा पेपर

जेनिफर बर्न यांना ती लबाडी दिसली, कारण त्या जनुकाशी त्यांची जुनी ओळख होती. सिडनीत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या या बाई नव्वदच्या दशकात टीपीडी५२ नावाच्या जनुककुळावर काम सुरू करणाऱ्यांपैकी एक. या कुळाला फारसं कुणी विचारत नाही. त्यावर काम करणारी माणसं जगात थोडी. असं असताना २०१५च्या सुमारास या कुळातल्या एका जनुकावरचे पाच लेख त्यांच्या नजरेला आले. चीनमधले वेगवेगळे गट, वेगवेगळे कर्करोग, पण लेखांची मांडणी इतकी जुळणारी, की नावं झाकली तर कुठला कुणाचा ते सांगता येऊ नये. एवढ्यावर कुणी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. बर्न यांनी 'साहित्य आणि पद्धती' हा भाग उघडला. तिथे प्रयोगात वापरलेल्या तुकड्यांचे न्यूक्लिओटाइड क्रम बारीक टायपात दिलेले असतात, ए-सी-जी-टी अशी नुसती अक्षरांची रांग. ती रांग त्यांनी डेटाबेसशी ताडून पाहिली. लेखात सांगितलेलं काम ते तुकडे करूच शकले नसते.

हा भाग सहसा कुणी वाचत नाही. समीक्षक निष्कर्ष बघतो, संपादक समीक्षकाचा शेरा बघतो, बाकीचे सारांशावर भागवतात. बर्न यांनी तो वाचला आणि त्यांच्या कामाची दिशाच बदलली. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे संगणकतज्ज्ञ सिरिल लाबे यांच्याबरोबर त्यांनी 'सीक अँड ब्लास्टएन' हा प्रोग्रॅम उभा केला. लेखातले क्रम उचलायचे आणि ते खरंच त्या जनुकाचे आहेत का हे तपासायचं, एवढंच त्याचं काम. लाबे या वाटेवर आधीपासून होते. एमआयटीच्या काही विद्यार्थ्यांनी २००५ साली गंमत म्हणून 'सायजेन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. संगणकशास्त्राचे दिसायला झकास आणि अर्थाला शून्य असे लेख तो तयार करून देई. पुढे तसले लेख खरोखरच छापले जाऊ लागले. लाबे यांनी ते हुडकून काढले, आणि २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन बड्या प्रकाशकांना मिळून १२०हून जास्त लेख काढून टाकावे लागले.

सायजेनमध्ये निदान थट्टा होती. पेपर मिल हा रोकडा धंदा आहे. गिऱ्हाईक फक्त आपलं नाव, पद आणि संस्थेचा पत्ता देतं. लेख लिहिणं, आकृत्या बनवणं, जर्नल निवडणं, लेख पाठवणं, समीक्षकांच्या शंकांना उत्तरं देणं हे सगळं मिल करते. जर्नल समीक्षकांची नावं सुचवा म्हणतं, तेव्हा मिल नावं खऱ्या प्राध्यापकांची देते आणि ईमेल पत्ते स्वतःचे. मग स्वतःच्या मालाची स्तुती स्वतःच लिहून पाठवते. 'ट्यूमर बायॉलॉजी' या जर्नलमधले १०७ लेख २०१७ मध्ये एका झटक्यात मागे घेतले गेले, ते अशाच बनावट समीक्षणांमुळे. 'सायन्स' साप्ताहिकाने २०१३ मध्ये चीनमधल्या या बाजाराचा शोध घेतला, तेव्हा लेखकाच्या जागेचा भाव १,६०० डॉलरपासून २६,३०० डॉलरपर्यंत होता.

हे सगळं लांबच्या देशात चालतं, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी महाराष्ट्रातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असले संदेश इतके येतात की 'गुड मॉर्निंग'च्या फुलांबरोबर तेही न बघता पुढे सरकवले जातात. स्कोपस (म्हणजे त्या आंतरराष्ट्रीय यादीतलं जर्नल), क्यू-थ्री (म्हणजे तिसऱ्या श्रेणीतलं), विषय अमुक, लेख स्वीकारलेला, दुसरी आणि चौथी जागा शिल्लक, रक्कम फोनवर. पहिली जागा महाग, हे ओघानं आलंच. पण ती का महाग, हे आमच्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

कारण तो दर सरकारी राजपत्रातून आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत एक तक्ता आहे. विज्ञानाच्या शोधनिबंधाला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांना १०. दोघांहून अधिक लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे विज्ञानाच्या लेखात पहिल्याला ५.६ आणि बाकीच्या प्रत्येकाला २.४. आता गणित करून बघा. सहा जणांनी मिळून एक लेख लिहिला तर ५.६ अधिक पाच वेळा २.४, म्हणजे एकूण १७.६. आठ गुणांच्या एका लेखातून साडेसतराहून जास्त गुण निघतात, आणि नाव वाढवलं की आणखी २.४ निघतात. हा तक्ता वाईट हेतूने केलेला नाही. सहकार्याला उत्तेजन मिळावं, असंच त्यामागे असणार. पण चौथी जागा विकणाऱ्याला याहून चांगलं दरपत्रक कुणी करून दिलं नसतं.

आमच्याकडे 'पेपर काढणे' असा प्रयोग रूढ आहे. 'काय सर, यंदा किती पेपर काढले?' असं लोक चहाच्या टपरीवर विचारतात. कॅसची, म्हणजे बढतीसाठीच्या स्थाननिश्चितीची फाईल तयार करताना पेपरची झेरॉक्स, त्यावर आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक हायलाइट केलेला, जर्नलच्या यादीतल्या पानाचा प्रिंटआउट आणि वर प्राचार्यांचा शिक्का. ही फाईल महाविद्यालयात तपासली जाते, विद्यापीठात तपासली जाते, सहसंचालकांच्या कार्यालयात तपासली जाते. इतक्या टेबलांवरून जाताना आतला लेख वाचावा अशी जबाबदारी एकाही टेबलाची नाही. मी स्वतः अशा फायली तपासल्या आहेत. आयएसएसएन बरोबर आहे का, वर्ष मुदतीत बसतं का, एवढंच पाहायचं असतं, आणि ते पाहायलाच संध्याकाळ होते.

बाहेरच्या जगात मात्र काही माणसं वाचत होती. किंवा पाहत होती, म्हणू. एलिझाबेथ बिक या मूळच्या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आता कॅलिफोर्नियात असतात. माझ्याच विषयातल्या, म्हणून मला त्यांचं जरा जास्तच कौतुक आहे. त्यांची नजर अशी, की एका आकृतीतला डाग दुसऱ्या आकृतीत उलटा करून लावला असेल तरी त्यांना तो ओळखीचा वाटतो. दोन सहकाऱ्यांबरोबर २०१६ मध्ये त्यांनी २०,६२१ लेखांतल्या आकृत्या पाहिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ३.८ टक्के लेखांत गडबड होती. २०२० मध्ये टोपणनावांनी काम करणाऱ्या काही जणांसह त्यांनी एक अख्खी मिलच उघडी पाडली. वेस्टर्न ब्लॉट नावाच्या चाचणीत प्रथिनं काळ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात. खऱ्या ब्लॉटमध्ये या पट्ट्या वेड्यावाकड्या येतात, कडेला धूर असल्यासारखं दिसतं, कुठे बुडबुडा, कुठे ओरखडा. आमच्या प्रयोगशाळेत तर सरळ पट्टी आली की मुलं फोटो काढून ठेवतात. बिक यांना चारशेहून अधिक लेखांत एकसारख्या नीटस पट्ट्या आढळल्या, बारीक शेपटी असलेल्या, बेडकाच्या पिल्लासारख्या. मागची पार्श्वभूमीही तीच. म्हणून त्या मिलचं नावच 'टॅडपोल मिल' पडलं. लेखकांचे पत्ते चीनमधल्या वेगवेगळ्या रुग्णालयांचे होते.

तिथले डॉक्टर हे का करत होते, हे समजून घेताना मला राग कमी आणि ओळख जास्त वाटते. दिवसभर ओपीडी, प्रयोगशाळा नाही, संशोधनाचं प्रशिक्षण नाही, आणि बढतीची अट मात्र आंतरराष्ट्रीय जर्नलमधला लेख. आपल्याकडे तालुक्याच्या गावी, आठवड्याला भरगच्च तासिका घेऊन, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली लावून, निवडणुकीची ड्यूटी करून, एक मोडका सेंट्रिफ्यूज असलेल्या विभागात बसलेल्या प्राध्यापकाची अट काही वेगळी नाही. त्यानं विकत घ्यावं असं मी म्हणत नाही. विकत न घेणारेही तिथेच बसलेले आहेत, त्यांची स्थाननिश्चिती रखडते, आणि त्यांच्यापुढे विकत घेतलेला सहप्राध्यापक होऊन जातो. माझा राग आहे तो या दुसऱ्यांच्या वतीनं.

प्रकाशकांकडे वळू, कारण लबाडी खपवणारं दुकान तिथेच होतं. १९९७ मध्ये कैरोत सुरू झालेली हिंदावी ही कंपनी खुल्या प्रकाशनातली. वाचकाला लेख फुकट, शुल्क लेखक भरणार. वायली या अमेरिकेतल्या जुन्या प्रकाशनसंस्थेने २०२१च्या जानेवारीत ती २९.८ कोटी डॉलरना विकत घेतली. हिंदावीची भिस्त विशेषांकांवर होती. पाहुणा संपादक नेमायचा, त्यानं विषय ठरवायचा, लेख मागवायचे, समीक्षक निवडायचे. प्रत्येक लेखामागे शुल्क जमा होत असेल तर नकार देण्यात कुणालाच रस उरत नाही, हे कळायला व्यवस्थापनाचं शिक्षण लागत नाही. मिलवाल्यांनी दार ठोठावण्याऐवजी पाहुणे म्हणून आत येऊन घराच्या किल्ल्याच घेतल्या. त्यांची माणसं पाहुणे संपादक, त्यांचीच समीक्षक, लेख त्यांचेच.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये ५११ लेख मागे घेण्याची घोषणा झाली. मग आकडा थांबेचना. २०२३ या एका वर्षात हिंदावीचे आठ हजारांहून जास्त लेख मागे घेतले गेले, आणि त्यामुळे जगभरात मागे घेतलेल्या लेखांचा वर्षाचा आकडा पहिल्यांदाच दहा हजारांच्या वर गेला. क्लॅरिव्हेट या कंपनीने हिंदावीची १९ जर्नलं 'वेब ऑफ सायन्स' या तिच्या निवडक जर्नलांच्या यादीतून काढली. वायलीने हिंदावी हे नावच वापरायचं सोडून दिलं. पुढे मागे घेतलेल्यांची बेरीज अकरा हजारांवर पोचली. हे इतके लेख रद्द झाले याचं लोक कौतुक करतात, प्रकाशकाने साफसफाई केली म्हणतात. केली, खरं आहे. पण त्या प्रत्येक लेखाचं शुल्क आधी घेतलं गेलं होतं, आणि यातल्या कितीतरी लेखांवर बाहेरच्या लोकांनी पबपीअर या संकेतस्थळावर आधीच बोट ठेवलेलं होतं. फुकट काम करणाऱ्यांनी सांगितल्यावर पैसे घेणाऱ्यांना जाग आली, असा त्याचा क्रम आहे.

त्या फुकट काम करणाऱ्यांतले एक म्हणजे तुलूझचे गियोम काबनाक. २०२१ मध्ये त्यांनी, लाबे यांनी आणि अलेक्झांडर मागाझिनोव यांनी एक विचित्र गोष्ट मांडली. अनेक लेखांत रूढ संज्ञांच्या जागी भलतेच शब्द येत होते. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'ऐवजी 'काउंटरफीट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'ऐवजी 'कोलॉसल इन्फर्मेशन', 'ब्रेस्ट कॅन्सर'ऐवजी 'बुझम पेरिल'. 'किडनी फेल्युअर'चं झालं 'किडनी डिसअपॉइंटमेंट', म्हणजे मूत्रपिंडाचा अपेक्षाभंग! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले होते. कारण साधं होतं. दुसऱ्याचा लेख उचलायचा आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा. सॉफ्टवेअरला संज्ञा आणि साधा शब्द यातला फरक कळत नाही. काबनाक यांनी अशा शब्दांची यादी करून ती छापल्या गेलेल्या लेखांवर चालवली. त्यातून 'प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर' तयार झाला. एल्सव्हिअरच्या एकाच जर्नलमध्ये असे शेकडो लेख निघाले.

हसू ओसरल्यावर आठवलं, की हे सॉफ्टवेअर आपल्याकडे चोरूनछपून वापरण्याची वस्तू नाहीच. आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. हेतू उत्तम. पण प्रत्यक्षात काय झालं? प्रबंध सादर करण्याआधी 'रिपोर्ट किती आला?' हा एकच प्रश्न उरला. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत बायंडिंगबरोबर 'प्लॅगॅरिझम रिमूव्ह करून मिळेल' अशी पाटी लागली. चोरी काढून टाकतात म्हणजे काय करतात, हे त्या पाटीखाली रांगेत उभ्या असलेल्या कुणी विचारलं नाही. मूत्रपिंडाचा अपेक्षाभंग त्याच रांगेतून आलेला आहे.

याविरुद्धच्या लढ्यातला एक मोठा प्रयत्न पुण्यात झाला. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. त्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावं धडाधड शिरली. डॉ. भूषण पटवर्धन आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ही यादी तपासली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी लिहिलं, की विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या ज्या १,००९ जर्नलांची त्यांनी छाननी केली, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढली. मग 'यूजीसी-केअर' ही नवी यादी आली, आणि तिच्या छाननीचं काम पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे होतं. माझ्या मते आपल्याकडे या बाबतीत झालेलं हे सर्वांत प्रामाणिक काम.

तरी यादी ही यादीच. एखादं जर्नल 'केअर'मध्ये आलं, की महिन्याभरात त्याच नावाचं, त्याच आयएसएसएनचं बनावट संकेतस्थळ उभं राहायचं आणि पैसे गोळा करायला लागायचं. सातारा असो की सोलापूर, लेखकाला वाटे आपण यादीतल्या जर्नलला पैसे भरले. खरं जर्नल कुठल्या तरी जुन्या संस्थेचं, वर्षातून दोन अंक काढणारं, त्यांना याचा पत्ताही नसे. २०२५च्या फेब्रुवारीत आयोगाने केअर यादी बंद केली. आता संस्थांनी स्वतः निकष लावून जर्नल पारखायचं. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी लेख छापून आलाच पाहिजे ही अट त्याआधी, २०२२च्या नोव्हेंबरमध्ये, काढली होती. हा दुसरा निर्णय माझ्या दृष्टीने जास्त मोलाचा. मागणीलाच हात घालणारे निर्णय फार थोडे झाले, त्यातला हा एक. पण अनेक ठिकाणचे गाईड अजून विद्यार्थ्याला म्हणतात, 'अट गेली असेल, पण दोन पेपर असलेले बरे.'

कॉरिडॉरमध्ये याविषयी बोललं, की एक युक्तिवाद हमखास येतो: कुणी वाचतच नाही, मग कुणाचं काय बिघडलं? हा युक्तिवाद मला एके काळी खोडता येत नसे. आता येतो, नेदरलँड्समधल्या रेने आक्वारियस यांच्यामुळे. ते नाइमेखनचे. मेंदूत विशिष्ट प्रकारचा रक्तस्राव झाल्यावर सुरुवातीच्या काळात मेंदूला जी इजा होते, तिच्यावर प्राण्यांमध्ये कुठले उपाय चालले, हे त्यांना एकत्र करून पाहायचं होतं. पुढची चाचणी माणसांवर करायची तर आधी हे करावं लागतं. म्हणजे ते सगळे लेख शेवटी वाचले जातात, आणि वाचणारा एखादं औषध माणसाला द्यायचं की नाही ते ठरवत असतो. आक्वारियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०८ लेखांच्या आकृत्या तपासल्या. २४३ लेखांत आकृत्या संशयास्पद निघाल्या, म्हणजे शंभरातले चाळीस. सगळेच मिलमधून आले असतील असं नाही. पण आजारी माणसासाठी आधार शोधणाऱ्याच्या हाती असा ढीग येतो. आणि जो पीएच.डी.चा विद्यार्थी असल्या लेखातला प्रयोग पुन्हा करून बघतो आणि दीड वर्ष त्याला तो जमत नाही, त्याला गाईड काय म्हणतो? 'तुझा हात बसलेला नाही.' खोट्या लेखाची किंमत तो मुलगा भरतो.

लढणाऱ्यांची बाजू आता पूर्वीइतकी एकाकी नाही. आयव्हन ओरान्स्की आणि अ‍ॅडम मार्कस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'रिट्रॅक्शन वॉच'चा मागे घेतलेल्या लेखांचा डेटाबेस २०२३ मध्ये लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने घेतला आणि सगळ्यांना खुला केला. बर्लिनच्या अ‍ॅना अबालकिना यांनी एका रशियन संकेतस्थळावरच्या विकाऊ जागांच्या जाहिराती जपून ठेवल्या आणि पुढे छापल्या गेलेल्या लेखांशी जुळवल्या. चारशेहून अधिक लेख सापडले. केंब्रिजचे निक वाइज हे द्रवगतिकीचे अभियंता, त्यांनी फेसबुकवरच्या जाहिरातींबाबत हेच केलं. प्रकाशकांच्या एसटीएम या संघटनेने तपासणीची सामायिक व्यवस्था उभारली आहे, म्हणजे एकच लेख एकाच वेळी अनेक जर्नलांना पाठवला तर तो दिसावा. आपल्याकडे रायपूरचे अचल अग्रवाल यांनी संशोधनातल्या लबाडीवर नजर ठेवणारं 'इंडिया रिसर्च वॉच' सुरू केलं. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, मागे घेतलेल्या लेखांसाठी गुण कापायचं २०२५ मध्ये ठरलं. चीनने २०२० मध्ये लेखांच्या संख्येवर रोख बक्षिसं देणं थांबवायला सांगितलं, मोजके प्रातिनिधिक लेख पाहा असा आदेश काढला, आणि २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिलवर कठोर कारवाईची सूचना दिली.

मिलही स्वस्थ बसलेल्या नाहीत. 'सायन्स'ने २०२४च्या जानेवारीत दाखवून दिलं, की त्या आता थेट संपादकांनाच पैसे देऊ करतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रीस रिचर्डसन, लुईस अमराल आणि सहकाऱ्यांचा २०२५च्या ऑगस्टमधला अभ्यास आणखी धक्का देतो: मिलमधून आल्याचा संशय असलेले लेख दर दीड वर्षाला दुप्पट होत आहेत. एकूण संशोधन लेख दुप्पट व्हायला सुमारे पंधरा वर्षं लागतात. आणि आता लेख लिहायला बेडकाच्या पिल्लांची चित्रंही काढावी लागत नाहीत. अमेरिकेत नागरिकांच्या आरोग्याचं एक मोठं सर्वेक्षण होतं, 'एनहेन्स' नावाचं. त्याची माहिती खुली आहे. त्यातला एक आजार घ्यायचा, एक घटक घ्यायचा, संबंध जोडायचा, लेख तयार. सरे विद्यापीठातल्या गटाने असे ३४१ लेख तपासले. २०१४ ते २०२१ या काळात वर्षाला सरासरी चार निघत; २०२४ मध्ये ऑक्टोबरपर्यंतच १९० निघाले. इथे आकडे खरे आहेत, रुग्ण खरे आहेत, चोरीही सापडणार नाही. फक्त प्रश्न कुणाला पडलेला नाही. असला लेख कुठलं सॉफ्टवेअर पकडणार? तो पकडायला विषय जाणणाऱ्या माणसानं बसून विचारावं लागतं, की बाबा, हाच घटक का निवडला, आणि बाकीचे वीस तपासून टाकून दिले होते का?

हे विचारण्याची जागा आपल्याकडे कुठे आहे, यावरून मागच्या वर्षी आमच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. फाईल तपासण्याआधी उमेदवारानं आपला एक, स्वतःच्या पसंतीचा लेख विभागासमोर अर्धा तास समजावून सांगावा. प्रश्न विचारले जावेत. विकत घेतलेल्या लेखावर दहा मिनिटंही बोलता येत नाही. त्यासाठी ब्लॉट ओळखणारी नजर लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, 'मॅडम, याचे गुण प्रोफॉर्मात कुठल्या रकान्यात धरायचे?' रकाना नव्हता. विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि पुढच्या बैठकीत नॅकची भेट होती.

आमच्या विभागानं मात्र ते शनिवारी दुपारी, कागदावर न आणता सुरू केलं. पहिली बोलली ती तासिका तत्त्वावर काम करणारी आमची एक मुलगी. तिला कॅस नाही, फाईल नाही, तिच्या पेपरला कुणी गुण देणार नाही. कांद्याच्या शेतातल्या मातीतले फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू हा विषय. अर्धा तास ठरला होता, तो दोन तास चालला. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी कंट्रोलवर तिला चांगलंच धरलं: खत न घातलेली माती कुठून आणली, आणि तिथे आधी खत पडलंच नव्हतं हे कशावरून? ती जरा वेळ वाद घालत होती, मग म्हणाली, 'सर, ते मला पुन्हा बघावं लागेल.' सध्या ती नवे नमुने गोळा करते आहे. पेपर कुठे पाठवायचा, ते अजून ठरलेलं नाही.